व्हॅलेन्शिया शाखेची वाघीण आणि सहाचाकी डबा : आयरिश रेल्वेची मॉडेल्स घडवताना

आयर्लंडच्या जुन्या रेल्वेचं मॉडेल करायला घेणारे बरेच जण सोपी वाट धरतात. दुकानात मिळणारा इंग्लिश डबा आणायचा, त्याला हिरवा रंग द्यायचा आणि वर सीआयईची, म्हणजे कोरस इम्पर एरन या राष्ट्रीय वाहतूक कंपनीची, खूण चिकटवायची. पण आयरिश गाडी रंगाच्याही आधी तिच्या उभं राहण्याच्या ढंगावरून ओळखू येते. रूळ जास्त रुंद, वाघिणींची, म्हणजे मालाच्या डब्यांची, छपरं मधोमध उघडी आणि ताडपत्रीनं झाकलेली, अंगापासून चाकांच्या चौकटीपर्यंत सगळीकडे एकच करडा रंग. हे तीन गुण जपले तर थोडं कच्चं काम झालं तरी गाडी आयरिशच वाटते, आणि हे तीन सुटले तर कितीही सफाईदार रंगकाम तिला वाचवू शकत नाही.

या लेखात एका छोट्या गाडीची तयारी करू : एक वाघीण आणि एक सहाचाकी प्रवासी डबा. दोन्ही प्लॅस्टिकच्या पत्र्यातून, हातानं.

आधी गाव आणि साल

आयरिश रेल्वेत सालाला फार किंमत आहे. १ जानेवारी १९२५ रोजी ग्रेट सदर्न रेल्वेज अस्तित्वात आली आणि ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न, मिडलंड ग्रेट वेस्टर्न यांसारख्या जुन्या कंपन्या तिच्यात विरघळल्या. १९४५ मध्ये सीआयई आली. सीमा ओलांडून धावणारी ग्रेट नॉर्दर्न मात्र १९५८ पर्यंत वेगळी राहिली आणि मग तिच्या मालमत्तेची सीआयई आणि उत्तरेतल्या अल्स्टर ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीत वाटणी झाली. एकाच डब्याचा रंग, खूण आणि क्रमांक या टप्प्यांवर बदलत गेले. साल न ठरवता कामाला लागलं की १९३० चा रंग, १९५० ची खूण आणि १९६५ ची वाघीण एकाच गाडीत येऊन बसतात.

मी इथे केरी परगण्यातली फॅरनफोर ते व्हॅलेन्शिया हार्बर ही शाखा घेतो, साल १९५५ च्या आगेमागे. फॅरनफोर ते किलॉर्गलिन हा तुकडा १८८५ मध्ये सुरू झाला, पुढचा समुद्रापर्यंतचा १८९३ मध्ये, आणि १९६० मध्ये सगळी शाखा बंद पडली. व्हॅलेन्शिया हार्बर हे युरोपातलं सर्वांत पश्चिमेकडचं स्टेशन म्हणून सांगितलं जाई. मॉडेलसाठी ही शाखा सोन्यासारखी आहे : गाड्या आखूड, ओढायला १८६६ पासून बांधलेली १०१ वर्गाची छोटी सहाचाकी वाफेची इंजिनं, प्रवाशांसाठी व्हिक्टोरियन काळातले सहाचाकी डबे, आणि मालात जनावरं, मासळी, किराणा. किलॉर्गलिनला ऑगस्टमध्ये पक फेअरची जत्रा भरते. जत्रा म्हटली की गुरांचा बाजार आला, आणि गुरं न्यायची तर रिकाम्या वाघिणी हव्यातच.

सालाचा धाक लगेच कामाला येतो. ऑलिव्हर बुलीड १९५८ पर्यंत सीआयईचे मुख्य यांत्रिकी अभियंता होते. त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पन्हळी बाजूंच्या उघड्या वाघिणी दिसायला देखण्या आहेत आणि तयार मॉडेल म्हणूनही मिळतात, पण त्या या कारकिर्दीच्या शेवटाकडे आल्या. त्यांचे दोन सांगाडे एकमेकांवर चढवून केलेल्या बीटच्या उंच वाघिणी तर आणखी पुढच्या. आपल्या गाडीत या दोन्ही नकोत. तशाच इंग्लंडात असायच्या तशा खाणमालकांच्या रंगीबेरंगी कोळशाच्या वाघिणीही नकोत. आयर्लंडात कोळशाच्या खाणी फारशा नव्हत्या, त्यामुळे खाजगी मालकीच्या वाघिणी तिथे विरळाच.

रुळांची रुंदी

आयर्लंडचं गेज ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिमी. सुरुवातीच्या तीन कंपन्यांनी तीन वेगवेगळी गेज धरली होती : डब्लिन-किंग्स्टाउन ४ फूट ८½ इंच, डब्लिन-ड्रॉहडा ५ फूट २ इंच आणि अल्स्टर रेल्वे ६ फूट २ इंच. भांडण सरकारदरबारी गेलं आणि १८४६ च्या कायद्यानं ५ फूट ३ इंच कायम झालं. आपल्याकडच्या ब्रॉडगेजपेक्षा ते ३ इंचांनी अरुंद आणि इंग्लंडच्या गेजपेक्षा ६½ इंचांनी रुंद.

ब्रिटन आणि आयर्लंडात सर्वाधिक चालणारं प्रमाण म्हणजे एका फुटाला ४ मिमी. त्या हिशेबानं आयरिश गेज बरोबर २१ मिमी येतं. पण तयार मिळणारे ओओ या मानकाचे रूळ आणि चाकं १६.५ मिमीची असतात. म्हणजे तब्बल ४.५ मिमी कमी, खऱ्या मापात १३½ इंच. समोरून पाहिलं की भरदार अंगाखाली बारीक पाय दिसतात.

दोन मार्ग आहेत. पहिला : रूळ स्वतः २१ मिमीवर घालायचे आणि चाकं अक्षावर बाहेर सरकवायची. चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर किती ठेवायचं, हे इंग्लिश मॉडेलकारांच्या ईएम मानकावरून काढता येतं. तिथे १८.२ मिमी रुळांना १६.५ मिमी अंतर असतं, फरक १.७. तोच फरक धरला तर २१ मिमीसाठी १९.३ येतं. पितळेच्या पट्टीचा १९.३ मिमीचा एक मापक कापून घ्या आणि प्रत्येक चाकजोडी त्यावर घालून बघा. बाजारातले २६ मिमी लांबीचे टोकदार अक्ष इथे घट्ट बसतात, बेअरिंग आणि चाक यांच्यात जेमतेम जागा उरते. लांब अक्ष मिळाले तर तेच घ्यावेत.

दुसरा मार्ग १६.५ मिमीवरच राहण्याचा. ज्याचा रुळांचा मांड आधीच तयार आहे त्यानं संकोच न करता हाच घ्यावा. फक्त एक पथ्य : बाजूच्या आडव्या तुळया आणि अक्षपेट्या चाकांच्या सोयीनं आत घेऊ नका. त्या आयरिश नकाशात जिथे आहेत तिथेच राहू द्या. बाजूनं बघणाऱ्याला चाकांची रुंदी दिसत नाही, चौकटीची दिसते.

मोठं काम आवडणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब : १:६४ या एस प्रमाणात १६०० मिमी भागिले ६४ म्हणजे नेमके २५ मिमी. सुरेख आकडा आहे, पण तयार सुटे भाग जवळजवळ नाहीत.

नकाशे आणि फोटो

आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटी १९४६ पासून कागदपत्रं जपते आहे. तिचा संग्रह डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनाच्या आवारात आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला ओ'डे संग्रह म्हणजे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकापर्यंतच्या रेल्वे फोटोंचा खजिना. खरा डबा बघायचा तर उत्तर आयर्लंडात डाउनपॅट्रिकला आणि बेलफास्टजवळ कल्ट्राच्या संग्रहालयात जावं. डाउनपॅट्रिकला व्हिक्टोरियन सहाचाकी डबे मेहनतीनं उभे केले आहेत.

फोटो तिथलाच आणि त्याच सालाचा शोधा. जुन्या डब्यांना चाळीस-पन्नास वर्षांत डागडुजीचे थर चढलेले असतात. कुजलेल्या चौकटींवर सपाट पत्रा ठोकलेला असतो, एखादं दार बदललेलं असतं. कारखान्याच्या नकाशात यातलं काहीच नसतं. नकाशावरून लांबी-रुंदी घ्यावी आणि फोटोवरून वय.

नकाशा मिळालाच नाही तर बाजूनं सरळ काढलेला फोटो निवडा. चाकाचा व्यास माहीत असला की फोटोतल्या चाकाच्या मापानं भागून बाकीची मापं काढता येतात. फोटो तिरका असेल तर उंचीची मापं बऱ्यापैकी खरी येतात, लांबीची नाही. तेव्हा लांबीसाठी फळ्या मोजा.

वाघीण

निवड करायची ती परिवर्तनीय वाघिणीची. दक्षिणेकडच्या आयरिश कंपन्यांची ही खास चीज. चारी बाजू बंद, दोन्ही टोकांना पक्कं छप्पर, पण मधला भाग उघडा. माल भरला की त्यावर ताडपत्री ताणायची, गुरं भरली की वरून वारा येऊ द्यायचा. जाताना किराणा, येताना बैल : दोन वाघिणींचं काम एकीनं व्हायचं. १९५० च्या दशकातही त्या रुळांवर होत्या.

तळ १ मिमी प्लॅस्टिक पत्र्याचा कापा आणि गुण्यानं चारी कोपरे तपासा. इथे अर्धा मिमी चुकला तर तो छपरापर्यंत पाठलाग करतो. बाजू ०.७५ मिमी पत्र्याच्या. फळ्यांच्या रेघा पट्टी धरून, सुरीच्या पाठीनं, दोन-तीन हलक्या हातांत ओढा. एकाच जोरात ओढली की कड उचलली जाते. ४ मिमी प्रमाणात एक इंच म्हणजे ०.३३ मिमी, म्हणून ७ इंची फळी २.३ मिमी. सगळ्या फळ्या एकसारख्या करू नका. बदललेली एखादी फळी किंचित अरुंद दाखवली की वाघीण जुनी वाटू लागते.

आता बाहेरची लाकडी चौकट. उभे खांब आणि तिरके आधार ०.५ मिमी जाडीच्या पट्ट्यांतून. आधी उभे खांब, मग तिरके, आणि तिरक्यांची टोकं जागेवर लावून बघत कापायची. लोखंडी कोपरपट्ट्या ०.२५ मिमीच्या. रिबेटांसाठी पट्टी लावण्याआधीच पाठीमागून बोथट सुईनं टोचून उठाव आणा, मग चिकटवा. दार नंतर केलं तर बिजागऱ्या कधीच रेषेत येत नाहीत, म्हणून दाराचा तुकडा बाजूबरोबरच आखून घ्या.

जोडायला मिथाइल इथाइल कीटोन पातळ कुंचल्यानं सांध्यात सोडा, खिडकी उघडी ठेवून. आतल्या बाजूंना आधाराचे आडवे पडदे घाला आणि त्यांना व तळाला भोकं पाडा. द्रावणाची वाफ बंद खोक्यात अडकली की महिन्या-दोन महिन्यांनी बाजू आत ओढल्या जातात. तेव्हा काही करता येत नाही, भोकं आधीच हवीत.

छप्पर करण्यापूर्वी वजन. चालणारा अंदाज एका अक्षाला २५ ग्रॅमचा, म्हणजे चारचाकीला एकूण ५० ग्रॅम. मधलं छप्पर उघडं असल्यामुळे शिसं तळाच्या वर ठेवता येत नाही, ते खाली, आडव्या तुळयांच्या मध्ये चिकटवा. शिसं फेव्हिकॉलनं चिकटवू नका. कालांतरानं ते फुगून तळ वाकवतं. इपॉक्सी वापरा.

दोन्ही टोकांची छपरं ०.५ मिमी पत्र्याची. पत्रा बाटलीवर चिकटपट्टीनं गुंडाळून गरम पाण्यात बुडवला आणि तसाच गार होऊ दिला की बाक कायम राहतो. मधल्या उघड्या भागावर ताडपत्री घालायची तर पातळ टिश्यू कागद, अर्धं पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून, ओला असतानाच कडेनं खाली ओढायचा. आतून आडव्या काठ्यांचा हलका उठाव दिसला पाहिजे आणि मधे थोडी खोल. वाळल्यावर दोरखंड म्हणून काळ्या दोऱ्याचे तुकडे. दोन वाघिणी करणार असाल तर एक उघडी ठेवा.

चाकांसाठी पितळी कोरीव चौकट घ्या, जिच्यात एक अक्ष थोडा डुलतो. हातानं घातलेल्या रुळांवर चारही चाकं टेकायला हा डोल हवाच. डाख देताना फ्लक्स जास्त, उष्णता कमी वेळ, आणि नंतर साबणाच्या पाण्यानं धुणं. न धुतलेल्या पितळेवर रंग सहा महिन्यांत हिरवा पडतो, कोकणच्या हवेत त्याहूनही लवकर. शेवटी हातब्रेकचा दांडा. तो एका बाजूला आहे की दोन्ही, हे फोटोत बघूनच ठरवा. जोडणीला तीन कड्यांची साखळी. या वाघिणींना सलग व्हॅक्यूम ब्रेक, म्हणजे इंजिनापासून डब्याडब्यातून जाणाऱ्या नळीनं चालणारा ब्रेक, नव्हता, म्हणून टोकाला नळी लावायची नाही.

सहाचाकी डबा

हे डबे साधारण ३० फूट लांबीचे, म्हणजे मॉडेलमध्ये १२० मिमी. मार्गिका नाही. खोल्याच खोल्या आणि प्रत्येक खोलीला दोन्ही बाजूंना दार.

बाजू दोन थरांत करा. आतला थर ०.५ मिमी, त्यात खिडक्या. बाहेरचा ०.२५ मिमी, त्यात चौकटींचे उठाव. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून खिडक्यांचे कोपरे एकदम भोकं पाडून पक्के करा, मग भोकांमधून सुरी चालवा. त्यामुळे कोपरे आपोआप गोल येतात, जसे त्या काळच्या खिडक्यांचे होते. खिडकीची कड कानसायची ती बाहेरून आत, उलट केली तर लव सुटते.

उठावाच्या पट्ट्या हे सगळ्यात वेळखाऊ काम, आणि सगळ्यात समाधानाचंही. आधी लांब आडव्या पट्ट्या संपूर्ण बाजूभर लावा, मग दारांच्या उभ्या, आणि मग मधल्या. फोटोत जिथे सपाट पत्रा ठोकलेला दिसतो ती चौकट मोकळी सोडा. बाजूचा खालचा भाग आत वळलेला असतो. तो बाक पट्ट्या लावण्याआधी, छपराच्याच गरम पाण्याच्या पद्धतीनं द्यायचा.

तीन अक्षांचा डबा वळणावर अडतो, ही या कामातली खरी अडचण. खऱ्या रेल्वेसाठी जेम्स क्लेमिन्सन यांनी १८७६ मध्ये एक रचना पेटंट केली होती : बाहेरचे दोन अक्ष खिळ्याभोवती वळतात, मधला आडवा सरकतो आणि तिघं एकमेकांना जोडलेले असतात. मॉडेलमध्ये तीच रचना पितळेच्या पट्ट्यांतून उत्तम चालते. वळणं फार तीव्र नसतील तर सोपा उपाय पुरतो. मधल्या जोडीच्या अक्षाऐवजी पितळेची नळी घ्या, तिच्यातून पोलादी तार सैल जाऊ द्या आणि तारेची टोकं चौकटीत बसवा. चाकं नळीसकट इकडे तिकडे सरकतात, वर-खालीही किंचित हलतात. डब्याचं वजन बाहेरच्या दोन अक्षांवरच राहिलं पाहिजे. मधली चाकं नुसती फिरताना दिसली तरी पुरे.

दोन्ही बाजूंना लांबलचक पायफळ्या असतात. त्या ०.५ मिमी प्लॅस्टिकच्या केल्या तर हाताळताना मोडतात, पितळेच्या करा. छपरावर दिव्यांच्या टोप्या आणि वायुवीजकं फोटोप्रमाणे. आत पडदे आणि बाकं घातल्याशिवाय छप्पर लावू नका. मार्गिका नसलेल्या डब्यातून आरपार उजेड दिसला की तो पोकळ वाटतो.

या डब्याच्या टोकांना मात्र व्हॅक्यूमची नळी हवी. १२ जून १८८९ रोजी आर्माजवळ सहलीची गाडी चढावर अडली, डबे सोडवून तिचे दोन भाग केले गेले, आणि मागचा भाग घरंगळत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळला. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. गाडीला ब्रेक होते, पण नळी सुटली की ते निकामी व्हायचे. त्याच वर्षी कायदा झाला आणि प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे सलग ब्रेक बंधनकारक ठरले. तारेचा तो छोटा बाक लावताना मला दर वेळी आर्माची आठवण होते.

रंग

वाघिणीला करडा रंग, तोही सगळीकडे : बाजू, टोकं, आडव्या तुळया, चाकांच्या चौकटी, ब्रेकचे दांडे. इंग्लिश सवयीनं खालचा भाग काळा करणं ही आयरिश मॉडेलांवर सर्वाधिक दिसणारी चूक आहे. खालचा भाग पुढे काळवंडतो तो धुळीनं आणि ब्रेकच्या लोखंडी चुऱ्यानं, म्हणून आधी करडा आणि मग त्यावर तपकिरी मळ. वाघिणीचा लालसर तपकिरी रंग फार नंतरचा, या गाडीत त्याचं काम नाही.

डब्याला १९४५ नंतरचा गडद हिरवा आणि त्यावर फिक्या हिरव्या रेघा. १९५५ च्या सुमारास उजळ हिरवा आला, म्हणून एका डब्याला जुना आणि दुसऱ्याला नवा रंग दिला तरी साल बिघडत नाही. काळा-नारिंगी-पांढरा हा प्रसिद्ध संच १९६० च्या दशकातला. पंख असलेल्या चाकाची जी खूण लोक 'उडती गोगलगाय' म्हणून ओळखतात, ती या काळात बरोबर. तुटक चाकाची गोल खूण नंतरची.

पावसाळ्यात फवारणी टाळा. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो आणि तो गडद हिरव्यावर लगेच दिसतो. फवारायचंच तर दुपारी, पाऊस थांबलेला असताना, पातळ थर द्या. फिक्या रेघा आखणीच्या पेननं, पट्टीच्या आधारानं, आधी चकचकीत वॉर्निश देऊन. पेन घसरला तर चकचकीत पृष्ठभागावरची रेघ पुसता येते, मॅटवरची येत नाही.

गाडी लावताना

रुळांवर ठेवण्याआधी चाकांच्या पाठींमधलं अंतर पुन्हा मोजा. रंगकामाच्या हाताळणीत ते हलतं. मग डबा सर्वांत तीव्र वळणावरून आधी ढकलत आणि मग ओढत न्या. ढकलताना मधलं चाक चढलं तर नळीची टोकं चौकटीला घासत आहेत असं समजा आणि दोन्हीकडे अर्धा मिमी कानसा. बफरांची उंची काचेवर ठेवून, वाघीण आणि डबा समोरासमोर आणून जुळवा.

शाखेवरच्या मिश्र गाडीचा क्रम ठरलेला असायचा. इंजिन, लगेच मागे प्रवासी डबे, त्यांच्या मागे वाघिणी आणि शेवटी मालगाडीच्या गार्डची ब्रेकव्हॅन. वाघिणींना व्हॅक्यूमची नळी नसल्यामुळे डबे इंजिनाला लागूनच ठेवावे लागत, नाहीतर ब्रेक त्यांच्यापर्यंत पोचणार कसा? म्हणून सहाचाकी डब्याच्या इंजिनाकडच्या टोकाची नळी जोडलेली दाखवा आणि वाघिणीकडच्या टोकाची आपल्या खुंटीवर अडकवून ठेवा.